घरच्या मेजावर घडणारे वाद्य

मँडोलिन आपणास अपरिचित नाही. चित्रपटसंगीतात सज्जाद हुसेन यांनी आणि कर्नाटक संगीतात यू. श्रीनिवास यांनी या वाद्याला मानाचे स्थान मिळवून दिले. त्याच कुळातील ‘ऑक्टेव्ह मँडोलिन’ मात्र आपल्याकडे क्वचितच ऐकू येते. नावाप्रमाणेच ते मँडोलिनपेक्षा एक सप्तक खाली बोलते. तारांच्या चार जोड्या व जी-डी-ए-ई ही स्वरजुळणी तीच. परंतु तारेची बोलती लांबी सुमारे १४ इंचांऐवजी २० ते २३ इंच असते. त्यामुळे नाद खोल उमटतो. आयरिश धाटणीच्या संगीतात गायनाच्या साथीला हे वाद्य विशेष शोभते.

सुट्या भागांच्या संचातून ते घरीही घडविता येते. वाकविलेल्या कडा, तबली व पाठ यांच्या फळ्या, आकार दिलेली दांडी, खाचा पाडलेली पट्टी, पडदे, खुंट्या असे साहित्य अशा संचात असते. पडद्यांच्या स्थानांचे किचकट गणित आधीच सोडविलेले असते. प्रत्येक पडदा उरलेल्या लांबीच्या १७.८१७ व्या हिश्शावर बसतो. २० इंची वाद्यात पहिला पडदा मेरूपासून सुमारे २८.५ मिलिमीटरवर येतो आणि बारावा बरोबर मध्यावर. ही चिंता मिटली तरी तीन गोष्टी घडविणाऱ्याच्याच हाती राहतात : तपासणी, ऋतू आणि निवड.

माल उतरवून घेताना आपण बीजक आणि नग ताडून पाहतो. येथेही तोच शिरस्ता ठेवावा. गोंद लावण्यापूर्वी सर्व भाग कोरडेच जुळवून पाहावेत. दांडीवर सरळ पट्टी ठेवली असता तिचे टोक घोडीच्या माथ्याजवळ यावयास हवे. हा कोन चुकला, तर तारा पडद्यांपासून फार उंच राहतात किंवा त्यांवर घासून खरखरतात. आठ तारांचा एकत्रित ताण ५० किलोंहून अधिक असतो. तो पेलण्यासाठी तबलीखाली आधारपट्ट्या चिकटवितात. त्या फार बारीक झाल्या तर तबली दबते आणि जाड राहिल्या तर नाद कोंडतो.

दुसरी गोष्ट ऋतूची. लाकूड दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आकसते. भर पावसाळ्यात चिकटविलेली तबली उन्हाळ्यात आकसून तडकण्याचा संभव असतो. म्हणून हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत करणे श्रेयस्कर.

तिसरी गोष्ट निवडीची, आणि आपल्या घरांत ती सर्वाधिक महत्त्वाची. खाद्यपदार्थाच्या वेष्टनावरील घटक बारकाईने वाचणारे आपण वाद्याचे घटक सहसा विचारीत नाही. परंपरेने वाद्याचे सांधे सरेसाने जोडतात. तो जनावरांच्या कातड्यापासून व हाडांपासून बनतो. मेरू बहुधा हाडाचा, पट्टीवरील ठिपके शिंपल्याचे आणि झिलई लाखेची, म्हणजे कीटकजन्य. श्रावकाचारातील पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य व लाक्षावाणिज्य यांचा निषेध आहे, हे वाचकांना ठाऊकच आहे. तयार वाद्य विकत घेताना यांतील काय वापरले, हे कळणे कठीण. स्वतः घडविताना प्रत्येक निर्णय आपला असतो. सरेसाऐवजी सुतारकामाचा पांढरा कृत्रिम गोंद, हाडाऐवजी पितळ किंवा कठीण लाकूड, शिंपल्याऐवजी पितळी ठिपके, लाखेऐवजी उकळलेले जवसाचे तेल हे पर्याय सहज मिळतात. तारा तर पोलादाच्या व कांशाच्याच असतात. गरम पाण्याने सरेस सुटतो, म्हणून दुरुस्ती सोपी जाते, हा त्याचा गुण खरा. तेवढी सोय सोडावी लागते. नादाची हानी मात्र होत नाही, कारण सांधा घट्ट बसला की गोंदाचा थर अत्यंत पातळ उरतो.

शेवटी सुरांची परीक्षा. घोडी सरकती असेल, तर बाराव्या पडद्यावर तारेला केवळ स्पर्श करून उमटणारा स्वर आणि तेथेच दाबून निघणारा स्वर ताडून पाहावा. दाबलेला स्वर चढा लागला, तर घोडी किंचित मागे न्यावी. उतरला, तर पुढे आणावी. जाड तारांच्या बाजूस ती थोडी अधिक मागे बसते.

सुटीच्या दिवशी घरातील दोन पिढ्यांनी मिळून करावे, असे हे काम आहे. मुलांच्या हाती घासकागद द्यावा, मापे त्यांच्याकडूनच घ्यावीत, आणि कोणता पदार्थ वापरावा या चर्चेतही त्यांना बसवावे. वस्तू कशापासून बनते, हे विचारण्याची सवय त्यांना तेथेच लागेल.