अध्ययन-समुदाय
महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एकाच लहान गटास दोन किंवा अधिक विषय परस्परांशी सांगड घालून शिकविण्याची योजना. या गटातील विद्यार्थी एका सत्रातील सर्व वा बहुतेक तासांना एकत्र असतात आणि त्यांचे अध्यापक अभ्यासक्रम, लेखनकार्य व मूल्यमापन यांची आखणी एकविचाराने करतात. शालेय शिक्षणातील उणिवांमुळे वाचन, लेखन वा गणित यांत मागे राहिलेल्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना साहाय्य करण्याचे एक साधन म्हणून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) तिचा विशेष प्रसार झाला.

ऐतिहासिक विकास : या योजनेचा उगम अलेक्झांडर माइकलजॉन यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात चालविलेल्या प्रायोगिक महाविद्यालयात (१९२७–३२) मानला जातो. तेथे सुटे विषय न शिकविता पहिल्या वर्षी प्राचीन अथेन्सच्या व दुसऱ्या वर्षी अमेरिकेच्या संस्कृतीचा समग्र अभ्यास करवून घेण्यात येई. जोसेफ टसमन यांनी १९६५ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात याच धर्तीचा प्रयोग केला. वॉशिंग्टन राज्यातील एव्हरग्रीन स्टेट कॉलेजने १९७१ पासून आपल्या अध्यापनाची उभारणीच अशा संयुक्त अभ्यासक्रमांवर केली. हे प्रयोग मात्र खास अपुऱ्या तयारीच्या विद्यार्थ्यांसाठी योजलेले नव्हते.

१९७० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाने शहरातील माध्यमिक शाळा उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकास आपल्या कोणत्या ना कोणत्या महाविद्यालयात प्रवेश देण्याचे धोरण स्वीकारले. त्यामुळे ज्यांच्या घरात पूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते, असे अनेक विद्यार्थी तेथे आले. तथापि दार उघडल्याने शिक्षण पुरे होतेच असे नाही, हेही लवकरच स्पष्ट झाले. सिटी कॉलेजमधील अध्यापिका मीना शॉनेसी यांनी एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स (१९७७) या ग्रंथात अशा विद्यार्थ्यांच्या लेखनातील चुका निष्काळजीपणाच्या नसून त्यांमागे विशिष्ट तर्क असतो, हे दाखवून दिले. क्वीन्स भागातील लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजने याच दशकात जोड-अभ्यासक्रमांचे गट सुरू केले.

स्वरूप : अपुऱ्या तयारीच्या विद्यार्थ्यास प्रथम स्वतंत्र पूरक वर्गात बसविण्याची रूढ पद्धत होती. या वर्गांना पदवीसाठी बहुधा श्रेयांक नसत व तेथील व्याकरणाचा वा गणिताचा सराव इतर विषयांपासून तुटलेला राही. त्यातच कम्युनिटी कॉलेजांतील बरेच विद्यार्थी नोकरी सांभाळून शिकणारे असल्याने तास संपताच ते निघून जात. परस्परांचा परिचय होण्यास त्यामुळे वावच उरत नसे.

अध्ययन-समुदायात इंग्रजी लेखनाचा पूरक अभ्यासक्रम, मानसशास्त्रासारखा श्रेयांक देणारा विषय आणि महाविद्यालयीन जीवनाची ओळख करून देणारा तास यांची जोडणी करता येते. मानसशास्त्रात वाचलेला उतारा इंग्रजीच्या तासास निबंधाचा विषय होतो. टिपणे काढणे, ग्रंथालयाचा वापर व वेळेचे नियोजन ही कौशल्ये त्याच आशयावर शिकविली जातात. अध्यापकांचा परस्परांशी संपर्क असल्याने एका विषयात मागे पडणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण दुसऱ्यासही वेळीच कळते.

तात्त्विक आधार : व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार विद्यार्थी महाविद्यालय सोडतो, त्यामागे केवळ त्याची बौद्धिक कुवत नसते. तेथील अभ्यासाशी व माणसांशी त्याचे नाते किती जुळते, हेही निर्णायक ठरते. बर्कली येथे यूरी ट्राइसमन यांनी कलनशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे निरीक्षण केले. शाळेत चमकलेले कृष्णवर्णीय विद्यार्थी एकट्याने अभ्यास करून मागे पडत, तर चिनी वंशाचे विद्यार्थी एकत्र बसून परस्परांच्या चुका दुरुस्त करीत, असे त्यांना आढळले. त्यावरून त्यांनी उजळणीचे वर्ग न काढता, अधिक कठीण उदाहरणे गटाने सोडविण्याचे वर्ग सुरू केले आणि त्यांतील विद्यार्थ्यांची प्रगती लक्षणीय ठरली.

मूल्यमापन : ब्रुकलिन येथील किंग्जबरो कम्युनिटी कॉलेजात २००३–०५ या काळात सुमारे १,५०० नवागतांची यदृच्छ पद्धतीने दोन भागांत विभागणी करून ही योजना तपासण्यात आली. एका भागातील विद्यार्थ्यांना सुमारे २५ जणांच्या गटांत तीन जोड-अभ्यासक्रम, समुपदेशक, शिकवणी व पुस्तकांसाठी साहाय्य मिळाले. ते पहिल्या सत्रात अधिक अभ्यासक्रम उत्तीर्ण झाले आणि इंग्रजीची पूरक पायरी त्यांनी लवकर ओलांडली. सहा वर्षांनंतरही श्रेयांकांतील आघाडी टिकून होती. पदवीधरांचे प्रमाण वाढल्याचा पुरावा मात्र मर्यादित होता. पुढे सहा महाविद्यालयांतील सुमारे ७,००० विद्यार्थ्यांच्या पाहणीत (२०१२) संबंधित विषयात सरासरी अर्ध्या श्रेयांकाचाच लाभ दिसला व शिक्षण चालू ठेवण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही.

याउलट, सिटी विद्यापीठाने २००७ मध्ये सुरू केलेल्या ‘असॅप’ या योजनेत पहिल्या वर्षाच्या जोड-अभ्यासक्रमांबरोबर तीन वर्षे सातत्याने मार्गदर्शन, शिकवणी, शुल्कातील तूट भरून काढणारी मदत, पाठ्यपुस्तके व प्रवासखर्च यांची तरतूद होती. पूरक शिक्षणाची गरज असलेल्या विद्यार्थ्यांपैकी या योजनेतील ४० टक्के तीन वर्षांत पदवी मिळवू शकले. तुलनेच्या गटात हे प्रमाण २२ टक्के होते (२०१५).

मर्यादा : अध्यापकांना एकत्र आखणीसाठी वेळ न दिल्यास जोडणी वेळापत्रकापुरतीच राहते. नोकरी करणाऱ्यांना ठराविक तासांचा संपूर्ण संच घेणे अवघड जाते आणि लहान वर्गांचा खर्चही अधिक येतो. मुख्य मर्यादा काळाची आहे : एका सत्राची सोबत विद्यार्थ्याला उभे राहण्यास बळ देते, परंतु पैशाची, प्रवासाची व कुटुंबाची अडचण पुढील सत्रांतही कायम असते. म्हणून अध्ययन-समुदाय हा संपूर्ण उपाय नव्हे, तर दीर्घकालीन साहाय्याचा पहिला टप्पा होय.