विजेची छोटी बस : ऐकीव किती, खरं किती

फेब्रुवारी २०१९ मध्ये पुण्याच्या पीएमपी या बससेवेच्या ताफ्यात ९ मीटर लांबीच्या २५ इलेक्ट्रिक बस दाखल झाल्या. हैदराबादच्या ऑलेक्ट्रा कंपनीनं बांधलेल्या, तीसेक आसनांच्या, वातानुकूलित. मुंबईत बेस्टनं त्याआधी २०१७ च्या अखेरीस अशा मोजक्या बस रस्त्यावर आणल्या होत्या. आज या दोन्ही शहरांत विजेची बस कुणाला नवी नाही. तरी थांब्यावर, कट्ट्यावर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत तिच्याबद्दल जे बोललं जातं, त्यात ऐकीव गोष्टींचा भरणा फार आहे. काही शंका रास्त आहेत, काही अर्धवट माहितीतून आलेल्या आहेत आणि काही साफ चुकीच्या आहेत. त्या निवडून वेगळ्या करायला हव्यात. नागरिक चुकीचे प्रश्न विचारत राहिले, की परिवहन मंडळं आणि महापालिका खऱ्या प्रश्नांतून अलगद सुटतात.

गैरसमज १ : धूर कमी होत नाही, फक्त पुण्यातून चंद्रपूरला जातो.

वस्तुस्थिती : या आक्षेपात तथ्य आहे, म्हणून त्याचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. देशातली सुमारे पाऊण वीज आजही कोळशापासून बनते. २,९२० मेगावॉट क्षमतेचं चंद्रपूरचं औष्णिक केंद्र त्याचं आपल्याकडचं ठळक उदाहरण. एक युनिट विजेमागे सरासरी सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. छोटी ई-बस किलोमीटरला साधारण पाऊण ते एक युनिट वीज घेते आणि वहनातली व चार्जिंगमधली गळती त्यात वाढवावी लागते. दुसऱ्या बाजूला एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. शहराच्या गर्दीत वातानुकूलित छोटी डिझेल बस लिटरला साडेतीन-चार किलोमीटर जाते असं धरलं, तर कार्बनच्या बाबतीत दोघींमध्ये आज फार मोठं अंतर उरत नाही. डिझेलचं शुद्धीकरण आणि वाहतूक धरली की विजेची बस थोडी पुढे निघते, इतकंच.

मग फायदा कुठे? पहिला, काळाचा. बस दहा-बारा वर्षं धावते. आज घेतलेली डिझेल बस बाराव्या वर्षीही तेवढाच धूर ओकते, बहुधा जास्तच. विजेची बस मात्र ग्रीडमध्ये सौर आणि पवन ऊर्जेचा वाटा वाढेल तशी आपोआप स्वच्छ होत जाते. दुसरा फायदा जागेचा. डिझेल बसची नळी रस्त्यावर, थांब्यावर उभ्या असलेल्या मुलाच्या नाकाच्या उंचीवर धूर सोडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ मध्ये डिझेलच्या धुराची गणना माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केली आहे. हा धूर स्वारगेटच्या चौकातून हटणं ही छोटी गोष्ट नाही.

चंद्रपूरकरांचा श्वासही तितकाच मोलाचा आहे, हे यासोबत म्हटलंच पाहिजे. त्यासाठी आगारांच्या छपरांवर सौर पॅनेल हवेत, जमेल तितकं चार्जिंग दुपारी सौर वीज मुबलक असते तेव्हा व्हावं आणि औष्णिक केंद्रांच्या उत्सर्जनावर कडक नियंत्रण असावं. विजेच्या बसचा आग्रह धरणाऱ्यांनी या तिन्ही गोष्टींचाही धरावा.

गैरसमज २ : सीएनजी आहे की! मग विजेचा खटाटोप कशाला?

वस्तुस्थिती : पुण्यासारख्या शहरात सीएनजीनं डिझेलच्या काळ्या धुरातून मोठी सुटका केली, हे खरंच. पण सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि तेही जीवाश्म इंधनच. तो जळताना नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. न जळता गळलेला मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस-तीस पट तापमानवाढ करतो. त्यातून देशाला लागणाऱ्या नैसर्गिक वायूचा निम्म्याच्या आसपास भाग आयात होतो. सीएनजी हा चांगला मधला टप्पा होता. तिथेच थांबण्याचं कारण नाही.

गैरसमज ३ : एवढीशी बस, माणसं ती किती नेणार!

वस्तुस्थिती : एका फेरीत ती १२ मीटरच्या बसपेक्षा कमीच माणसं नेते. पण शहराची वाहतूक फेऱ्यांवर चालते, आणि छोटी बस जिथे जाऊ शकते तिथे मोठी बस पोहोचतच नाही. पुण्यातल्या पेठा, जुन्या गावठाणांतले बोळ, मुंबईतल्या टेकडीवरच्या वस्त्या, स्टेशनच्या तोंडाशी असलेले अरुंद रस्ते... अशा ठिकाणी १२ मीटरची बस एका वळणासाठी सगळा रस्ता अडवून बसते. ९ मीटरची वळते आणि ७ मीटरची तर सहज वळते.

पुण्यात २०२१ च्या जुलैमध्ये 'पुण्यदशम' योजना सुरू झाली. दहा रुपयांच्या पासवर मध्यवर्ती पेठांमध्ये दिवसभर छोट्या बसनं प्रवास करायचा, अशी कल्पना होती. त्या बस सीएनजीच्या होत्या, तरी आखणी नेमकी होती: लहान गाडी, वारंवार फेरी, खिशाला झेपेल असं भाडं. विजेच्या छोट्या बसला हेच काम सगळ्यात चांगलं जमतं. थांब्याथांब्याला थांबणं, हळू चालणं, पुन्हा निघणं यात इंजिन सगळ्यात जास्त इंधन उधळतं. विजेची मोटर उभी असताना काहीच जाळत नाही आणि ब्रेक लावला की जनित्राचं काम करते, वेगातली काही ऊर्जा बॅटरीत परत भरते. गर्दीचा रस्ता डिझेल बसला जितका महाग पडतो तितका तिला पडत नाही. मेट्रोच्या स्थानकापासून घरापर्यंतचा शेवटचा दीड-दोन किलोमीटरचा पल्ला तर तिच्यासाठीच आखल्यासारखा आहे.

गैरसमज ४ : बॅटरी दुपारीच संपते, आणि घाट आला की बस दम तोडते.

वस्तुस्थिती : घाटाचं आधी पाहू. हिमाचल प्रदेशच्या परिवहन महामंडळानं २०१७ च्या सप्टेंबरमध्ये मनाली ते रोहतांग खिंड या मार्गावर ९ मीटरच्या विजेच्या बस सुरू केल्या. रोहतांगची उंची ३,९७८ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून बरीच जास्त. तिथल्या विरळ हवेत डिझेल इंजिन धापा टाकतं, कारण त्याला जाळायला ऑक्सिजन लागतो. मोटरला हवा लागत नाही, आणि चाक फिरवायला लागणारा पूर्ण जोर ती पहिल्या क्षणापासून देते. चढावर वीज जास्त जाते हे खरं, पण उतारावर त्यातली काही परत मिळते. रोहतांग चढलेल्या बसला कात्रजचा घाट अवघड नाही.

आता पल्ला. पुण्यातल्या ९ मीटरच्या बसचा पल्ला एका चार्जमध्ये सुमारे २०० किलोमीटर सांगितला गेला. एसी, गर्दी आणि उन्हाळा यांनी तो घटतो. म्हणून आगारात कामाचं एक चक्र बसलेलं असतं: रात्री शेवटची फेरी करून आलेली बस रांगेत उभी राहते, मनगटाएवढ्या जाड केबलची गन तिच्या सॉकेटमध्ये खटकन बसते, पडद्यावर टक्का चढू लागतो आणि पहाटेच्या पहिल्या फेरीआधी बॅटरी भरलेली असते. दुपारी गर्दी ओसरली की थोडा वेळ पुन्हा चार्जिंग. बस ठरलेल्या मार्गावर, ठरलेले किलोमीटर धावते. आज कुठे जायचं हे तिला सकाळीच ठाऊक असतं, त्यामुळे पल्ल्याची चिंता खाजगी मोटारवाल्यापेक्षा तिला कमी. दुपारी बस बंद पडत असेल, तर आगारात चार्जर कमी पडतात का, फेऱ्यांची आखणी चुकली आहे का, हे आधी विचारावं.

गैरसमज ५ : पावसात शॉक बसेल, उन्हाळ्यात पेट घेईल.

वस्तुस्थिती : ई-बसच्या बॅटरीचे संच सहसा आयपी-६७ दर्जाचे असतात, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाले तरी आत पाणी शिरू नये अशी त्यांची बांधणी. गळती किंवा बिघाड जाणवला, तर उच्च दाबाचा प्रवाह तोडणारी यंत्रणा असते. तुंबलेल्या रस्त्यातून कुठलीच बस नेऊ नये. त्या पाण्यात डिझेल इंजिनाची तर अवस्था बिकट होते, हवेच्या वाटेनं पाणी आत शिरलं की इंजिनच कायमचं जायबंदी होऊ शकतं.

आगीची भीती पसरली ती २०२२ मध्ये विजेच्या स्कूटर पेटल्या तेव्हापासून. त्यानंतर सरकारनं बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले. बस आणि मोटारींसाठी 'एआयएस-०३८' या मानकाची दुसरी सुधारित आवृत्ती आली आणि तिची अंमलबजावणी डिसेंबर २०२२ पासून दोन टप्प्यांत झाली. हादरे, शॉर्टसर्किट, जादा चार्जिंग, बाहेरची आग अशा कसोट्यांतून बॅटरी जाते. एखादा सेल तापून आग पसरण्याचा धोका दिसला, तर प्रवाशांना उतरायला वेळ मिळेल इतकी आधी सूचना देणं बंधनकारक आहे. अशा चाचण्या पुण्यात कोथरूडच्या टेकडीवरच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेतही होतात. शिवाय बसमध्ये बहुतेक वेळा लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारचे सेल असतात, जे उष्णतेत तुलनेनं शांत राहतात. धोका शून्य नाही. डिझेल आणि सीएनजीच्या बसही पेटतात. दोन्हीकडे देखभाल चोख हवी.

गैरसमज ६ : या बस म्हणजे पांढरा हत्ती.

वस्तुस्थिती : विकत घेताना विजेची बस डिझेलपेक्षा बरीच महाग पडते. पण बहुतेक शहरं आता बस विकतच घेत नाहीत. कंपनी बस आणते, चालक आणि देखभाल तिचीच, आणि परिवहन मंडळ धावलेल्या किलोमीटरमागे पैसे मोजतं. केंद्र सरकारच्या सीईएसएल या कंपनीनं २०२२ मध्ये पाच मोठ्या शहरांसाठी ५,४५० बसची एकत्र निविदा काढली. त्यात ९ मीटरच्या बससाठी सर्वात कमी दर निघाला किलोमीटरला ३९ रुपये २१ पैसे, तोही विजेच्या खर्चासह.

नुसत्या इंधनाचा हिशेब घरीही मांडता येतो. डिझेल लिटरला नव्वदच्या आसपास आणि बस साडेतीन-चार किलोमीटर धरली, तर किलोमीटरला २२ ते २६ रुपये. वीज युनिटला आठ-नऊ रुपये धरली, तर सहा ते नऊ रुपये. जी बस दिवसाला दोनशे किलोमीटर धावते, तिची वाढीव किंमत या फरकातून वर्षानुवर्षं फिटत जाते. पण यातली मेख ओळखा: बस आगारात उभी राहिली तर बचत शून्य, कर्जाचे हप्ते मात्र चालूच.

गैरसमज ७ : 'इथे बनलेली' म्हणजे सगळं चिनी, नुसता वरचा पत्रा आपला.

वस्तुस्थिती : याच्या उलट टोकाचा दावा, की सगळं स्वदेशी आहे, तोही तितकाच चुकीचा. सांगाडा, बॉडी, आसनं, वायरिंग, वातानुकूलन आणि नियंत्रणाची बरीचशी प्रणाली आज देशात बनते. पुण्यानं यात चांगली भर घातली आहे. २०१५ च्या डिसेंबरात संसद भवनात खासदारांसाठी जी विजेची बस आली, तिचं तंत्रज्ञान पुण्याच्या केपीआयटी या कंपनीचं होतं. पुण्याच्याच ईका मोबिलिटीनं २०२२ मध्ये ९ मीटरची ई-बस पुढे आणली. अडतं ते बॅटरीच्या सेलपाशी. सेल अजून मुख्यतः आयात होतात, तेही प्रामुख्यानं चीनमधून. सेल इथेच बनावेत म्हणून केंद्रानं २०२१ मध्ये १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना जाहीर केली. कारखाने उभे राहून सेल बाहेर पडायला मात्र वेळ लागतो आहे.

नुसतं इथे बनवणं पुरत नाही, हे काठमांडूनं आधीच अनुभवलं आहे. १९९० च्या दशकात तिथे 'सफा टेम्पो' ही विजेवर चालणारी, दहा-बारा प्रवासी नेणारी तीनचाकी जन्माला आली. शहरातल्याच कारखान्यांनी ती बांधली, अनेक महिलांनी चालवायला घेतली आणि सहाशेच्या वर गाड्या रस्त्यावर आल्या. १९९९ मध्ये धूर ओकणारे डिझेल 'विक्रम' टेम्पो काठमांडू खोऱ्यातून हटवले गेले. त्यांची जागा घ्यायला सफा टेम्पो तयार होते, पण सरकारनं इंधनावरच्या मायक्रोबसना आयातीत करसवलत दिली आणि वाढता उद्योग जागीच खुंटला. पुढे अनेक वर्षं भारनियमनानं या गाड्यांना पिळून काढलं. सफा टेम्पो तरीही तग धरून राहिले. यंत्र खंबीर होतं, धोरण डळमळलं.

गैरसमज ८ : बस आल्या, फीत कापली, काम झालं.

वस्तुस्थिती : सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात बेस्टच्या कंत्राटी ई-बसनं गर्दीत माणसं चिरडली, अनेकांचे जीव गेले. ब्रेक निकामी झाल्याचं तपासणीत आढळलं नाही. चर्चा झाली ती चालकाला अशा बसचं किती प्रशिक्षण मिळालं होतं याची. क्लच-गिअरच्या गाडीची सवय असलेल्या पायाला ई-बस वेगळी लागते: गिअर नाही, इंजिनाचा आवाज नाही, पेडल दाबताक्षणी पूर्ण जोर. वर्षानुवर्षं इंजिनाच्या आवाजावरून वेग जोखणाऱ्या चालकाला हे नव्यानं शिकावं लागतं, आणि ते शिकवण्यात काटकसर झाली तर किंमत पादचारी मोजतो.

ही जबाबदारी कंत्राटाच्या कागदात पुसट होते. बस कंपनीची, चालक कंपनीचा, तिकीट मंडळाचं, रस्ता महापालिकेचा. म्हणून प्रश्न नेमके विचारू या. चालकाला प्रत्यक्ष ई-बसवर किती दिवस शिकवलं? आगारात किती बसमागे एक चार्जर आहे? रद्द झालेल्या फेऱ्यांचा दंड कंपनीकडून वसूल होतो का, आणि तो आकडा जाहीर होतो का? आमच्या थांब्यावर दर किती मिनिटांनी बस येते?

दुचाकीवाला दुचाकी घरी ठेवून बसमध्ये चढतो, तेव्हा हवा खरी स्वच्छ होते. बस विजेची आहे म्हणून तो चढत नाही. दहा मिनिटांत दुसरी येणार याची खात्री असते म्हणून चढतो. ती खात्री देणं पीएमपी, बेस्ट आणि महापालिकांच्या हातात आहे, आणि ती मागून घेणं आपल्या.