अंतर तेंच, वेळ निराळा



अमुक शहराहून तमुक शहरास विमानाला किती वेळ लागतो, असा प्रश्न निघाला, म्हणजे अंतराला वेगानें भागा, असें आपण सहज सांगतों. शाळेंतील त्रैराशिकाला तें शोभतें. परंतु आकाशांतील वाट इतकी सोपी नाहीं. उदाहरणादाखल फिनलंडची राजधानी हेलसिंकी व जपानची राजधानी टोकियो हीं दोन शहरें घेऊं.

प्रथम अंतर पाहूं. भिंतीवरील सपाट नकाशावर हीं शहरें सरळ रेषेनें जोडलीं, तर ती रेषा कझाकस्तान व मंगोलिया ह्यांवरून जाते. आतां मुलांच्या अभ्यासाचा पृथ्वीचा गोल घ्या आणि त्याच दोन ठिकाणीं दोरा ताणून धरा. दोरा उत्तरेकडे सरकून आर्क्टिक वृत्तापर्यंत चढेल व सैबेरियावरून टोकियोस उतरेल. गोल पृथ्वीवरील हीच सर्वांत आंखूड वाट. तिची लांबी सुमारें ७,८०० किलोमीटर. आजचें जेट विमान ती सुमारें साडेनऊ तासांत आक्रमूं शकतें.

ह्या हिशेबांत पहिला फरक वारा पाडतो. नऊ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याची जणूं नदीच वाहत असते. ओइशी वासाबुरो ह्या जपानी शास्त्रज्ञानें १९२० नंतरच्या दशकांत फुगे सोडून ह्या वाऱ्याचा वेग मोजला होता. पूर्वेस जाणाऱ्या विमानाला तो पुढें लोटतो, परतणाऱ्यास अडवितो. म्हणून जाण्याचा व येण्याचा वेळ सारखा नसतो.

दुसरा फरक माणूस पाडतो, आणि तो वाऱ्याहून मोठा आहे. आकाश मोकळें दिसलें, तरी आपल्या भूमीवरील आकाशावर प्रत्येक राष्ट्राचा हक्क असतो. १९४४ च्या शिकागो करारानें तो मान्य केला आहे. १९८३ सालीं फिनलंडच्या विमानकंपनीनें टोकियोपर्यंत वाटेंत न थांबतां जाणारी सेवा सुरू केली, तेव्हां सोव्हिएट संघाच्या ताब्यांतील सैबेरियाची वाट तिला खुली नव्हती. तिचीं विमानें उत्तर ध्रुवावरून वळसा घेऊन सुमारें तेरा तासांनीं पोहोंचत. पुढें सैबेरियाचें आकाश उघडलें आणि साडेतीन तास वांचले. २०२२ सालीं युक्रेनमध्यें युद्ध पेटल्यावर तें पुन्हां मिटलें; विमानें ध्रुवावरून किंवा मध्य आशियावरून जाऊं लागलीं, आणि प्रवास परत तेरा तासांच्या घरांत गेला. चाळीस वर्षांत विमानें सुधारलीं, वेळ मात्र होता तेथेंच आला.

हा वळसा फुकटचा नव्हे. जादा इंधन लागतें, आणि त्याचा खर्च अखेर प्रवाशाच्या व माल पाठविणाऱ्याच्याच माथीं बसतो.

तेव्हां मुलांनीं असा प्रश्न विचारला, तर गोलावर दोरा लावून अंतर अवश्य मोजून दाखवा. परंतु वेळ सांगण्यापूर्वीं त्या दोऱ्याखालीं कोणकोणतीं राष्ट्रें येतात, आणि त्यांचें एकमेकांशीं सख्य आहे कीं वैर, हेंही पाहावयास शिकवा.