चेन्नईची खोकी आणि मुंबईच्या बालसख्या

एमबीएला प्रवेश मिळाला की पहिल्या टर्मच्या वेळापत्रकात एक नाव बी.कॉम., बी.ए. करून आलेल्यांच्या डोळ्यांत खुपतं : क्वांटिटेटिव्ह मेथड्स. इंजिनिअर मंडळी त्याच नावाकडे बघून निर्धास्त होतात. दोघांचाही अंदाज चुकतो. आकडेमोड आता एक्सेल करतं. खरं काम त्याआधी आणि त्यानंतर असतं, आणि तिथे इंजिनिअरही अडखळतात.

चेन्नईत हा विषय शिकायला जागा भरपूर. आयआयटी मद्रासचा व्यवस्थापन विभाग आहे, 1979 साली लोयोलाच्या जेझुइटांनी सुरू केलेली लिबा आहे, 2004 साली निघालेली आणि आता महाबलीपुरमजवळ असलेली ग्रेट लेक्स आहे. पेपरांची नावं आणि क्रम थोडेफार बदलतात, पण साधारणपणे आधी संख्याशास्त्र, मग ऑपरेशन्स रिसर्च म्हणजे ओआर, आणि प्रोजेक्टच्या तोंडावर रिसर्च मेथड्स. चेन्नईला जायचीही गरज नाही म्हणा. आयआयटी आणि आयआयएस्सी यांनी मिळून चालवलेल्या एनपीटेल या ऑनलाइन मंचावर आयआयटी मद्रासच्या प्रा. जी. श्रीनिवासन यांची ओआरची व्याख्यानं फुकट आहेत. फळा, खडू आणि एकेक पायरी.

ओआरमधला एक प्रश्न इथे मांडून बघू. आकडे माझे, जागा चेन्नईच्या. एका कंपनीची दोन गोदामं आहेत. श्रीपेरुंबुदूरला 60 खोकी आहेत, रेड हिल्सला 40. माल तीन ठिकाणी हवाय : अण्णा नगरला 45, रोयापुरमला 25, तांबरमला 30. दर खोक्यामागे वाहतुकीचा खर्च रुपयांत असा :

श्रीपेरुंबुदूरहून : अण्णा नगर 6, रोयापुरम 12, तांबरम 4.
रेड हिल्सहून : अण्णा नगर 5, रोयापुरम 7, तांबरम 9.

कुठून कुठे किती खोकी पाठवली तर एकूण खर्च सर्वांत कमी येईल?

कुणीही व्यवहारी माणूस काय करेल? सगळ्यात स्वस्त रस्ता आधी भरेल. श्रीपेरुंबुदूर ते तांबरम 4 रुपये, पाठवा 30. त्यानंतर स्वस्त रेड हिल्स ते अण्णा नगर, 5 रुपये. पाठवा सगळी 40. आता रेड हिल्स रिकामं झालं. अण्णा नगरची उरलेली 5 आणि रोयापुरमची 25 खोकी श्रीपेरुंबुदूरहूनच पाठवावी लागतात, आणि रोयापुरमचा दर आहे 12. बेरीज 650 रुपये. दर वेळी स्वस्तात स्वस्त तेच निवडलं, आणि शेवटी सगळ्यात महागडा रस्ता गळ्यात पडला.

व्होगेलच्या पद्धतीत प्रश्न वेगळा विचारतात : सर्वांत स्वस्त रस्ता हातचा गेला तर किती फटका बसेल? अण्णा नगरला 5 ऐवजी 6 पडतील, फटका 1 रुपयाचा. रोयापुरमला 7 ऐवजी 12, म्हणजे 5. तांबरमला 4 ऐवजी 9, तोही 5. (पद्धतीत गोदामांच्या बाजूनेही हाच हिशेब करतात; तिथे फटका दोन्हीकडे 2 येतो.) जिथे फटका मोठा, तिथली सोय आधी. म्हणून रोयापुरमची 25 रेड हिल्सहून, तांबरमची 30 श्रीपेरुंबुदूरहून, आणि अण्णा नगर शेवटी : 15 रेड हिल्सहून, 30 श्रीपेरुंबुदूरहून. बेरीज 550. शंभर रुपये वाचले, ते अण्णा नगरला थांबायला लावून.

इथे ही पद्धत थेट नेमक्या उत्तरावर पोचली. नेहमी पोचेलच असं नाही, म्हणून उत्तर तपासण्याची पायरी वेगळी असते. हिचकॉकने 1941 साली हा प्रश्न गणिती रूपात मांडला, दुसऱ्या महायुद्धात जहाजांच्या फेऱ्यांचा विचार करताना कूपमन्स त्याच्याशी झगडला, आणि 1947 साली डँट्झिगच्या सिम्प्लेक्स पद्धतीने अशा सगळ्याच प्रश्नांचा रस्ता मोकळा झाला. 1975 चं अर्थशास्त्राचं नोबेल कूपमन्स आणि कांटोरोविच यांना मिळालं, डँट्झिगला नाही. ही हळहळ ओआरच्या वर्गात अजून निघते.

परीक्षेत 550 लिहिलं की मार्क मिळतात. मॅनेजरच्या कामाचं मात्र त्यापुढचं. समजा, रेड हिल्सला शेजारची जागा भाड्याने मिळते आहे आणि थोडा माल तिथे हलवता येतो. किती भाडं परवडेल? तिथे एक खोकं जास्त ठेवता आलं, तर अण्णा नगरचं एक खोकं 6 ऐवजी 5 रुपयांत जाईल. म्हणजे त्या जागेची किंमत खोक्यामागे 1 रुपया, तीही 30 खोक्यांपर्यंतच. त्यापुढे स्वस्तात हलवण्यासारखं अण्णा नगरचं खोकंच उरत नाही. याला शॅडो प्राइस म्हणतात. दुसरं असं : श्रीपेरुंबुदूरचा एखादा ट्रकवाला म्हणाला, रोयापुरमचा दर 12 वरून 9 करतो. घासाघीस छान झाली, पण उपयोग शून्य. तो दर 8 च्या खाली आल्याशिवाय त्या रस्त्याने एकही खोकं पाठवण्यात अर्थ नाही. एक्सेलचा सॉल्व्हर हे सगळं सेन्सिटिव्हिटी रिपोर्टच्या पानावर छापून देतो. ते पान बहुतेक जण उघडतसुद्धा नाहीत.

या गणितात एक गोष्ट गृहीत होती : दर ठाऊक आहेत. धंद्यात निम्म्या वेळा आकडाच हाती नसतो, तो मिळवावा लागतो. तिथून रिसर्च मेथड्स सुरू होतं. या पेपरची बदनामी प्रश्नावलीमुळे झाली आहे. मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गूगल फॉर्म फिरवायचा, आलेल्या उत्तरांचे पाय चार्ट काढायचे आणि प्रोजेक्ट बांधून द्यायचा. खरा विषय आहे तुलना कशाशी करायची हा.

त्याचं उत्तम उदाहरण आपल्या मुंबईचं आहे, आणि त्याचा धागा चेन्नईला जातो. 1970 साली चेन्नईत आयएफएमआर ही वित्त आणि व्यवस्थापन शिकवणारी, संशोधन करणारी संस्था निघाली. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो यांच्या जे-पॅल या संशोधन केंद्राने 2007 साली दक्षिण आशियाचं केंद्र काढलं ते तिथेच. त्याआधी 2001 ते 2003 या काळात याच दोघांनी सहकाऱ्यांबरोबर मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेचा बालसखी उपक्रम तपासला होता. वस्तीतलीच, शाळा पूर्ण केलेली एखादी मुलगी वर्गातल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळं बसवून वाचन आणि हिशेब शिकवायची.

याचा फायदा होतो का, हे कसं ठरवणार? बालसखी मागून घेणाऱ्या शाळा आणि न मागणाऱ्या शाळा यांची तुलना केली तर घोळ होतो. मागणाऱ्या शाळेचे मुख्याध्यापक मुळातच उत्साही असण्याची शक्यता. वर्षाच्या सुरुवातीचे आणि शेवटचे मार्क पाहावेत, तर मूल एरवीही वर्षभरात थोडं शिकतंच. म्हणून शाळांची विभागणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी केली. निम्म्या शाळांत तिसरीला बालसखी, उरलेल्यांत चौथीला. कुठल्याच शाळेला नाही म्हणावं लागलं नाही, आणि एका गटाची चौथी दुसऱ्या गटाच्या चौथीशी ताडून पाहता आली. पालिकेत ज्यांनी परवानग्या मागितल्या असतील त्यांना या रचनेतली हुशारी लगेच कळेल.

निकाल 2007 साली छापून आला. पहिल्या वर्षी सरासरी 0.14 स्टँडर्ड डेव्हिएशन फायदा, दुसऱ्या वर्षी 0.28. याचा अर्थ, शंभर मुलांत बरोबर मध्यावर असलेलं मूल 0.28 मुळे खालून मोजता साधारण 61व्या जागी चढतं. पण उपक्रम संपून वर्ष झाल्यावर, ज्यांच्यासाठी तो होता त्या मुलांतला फायदा 0.10 च्या आसपास उरला होता, म्हणजे साधारण 54वी जागा.

त्याच संशोधनात वडोदऱ्याला दुसरा प्रयोग झाला : कॉम्प्युटरवर गणिताचे खेळ. गणितात फायदा 0.47. प्रेझेंटेशनमध्ये ही स्लाइड लागली की वर्ग एकमताने कॉम्प्युटरकडे झुकतो. मग खर्चाचा रकाना उघडतो. कॉम्प्युटरचा दर मुलामागचा खर्च बालसखीच्या कितीतरी पट होता, आणि तेवढ्याच पैशांत बालसखी कितीतरी अधिक मुलांपर्यंत पोचली असती. बजेट ठरलेलं, शाळा ठरलेल्या, दोन उपक्रमांचे दर आणि फायदे समोर. कुठे किती वाटायचं? रिसर्च मेथड्सच्या तासाला पुन्हा सॉल्व्हर उघडावा लागतो.