चार महिन्यांचा मुक्काम

शरद ऋतू लागला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या रसिकाची पंचाईत होते. कार्यक्रम नसतात म्हणून नव्हे, फार असतात म्हणून! नवरात्रात गाणं, कोजागरीला सोसायटीच्या गच्चीवर मसाला दूध आणि कविता, मग वसुबारसेपासून एकाच पहाटे तीन-तीन ठिकाणी ‘दिवाळी पहाट’. ठाण्याला गडकरी रंगायतन १९७८ साली मासुंदा तलावाच्या काठी उभं राहिलं. कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर आलं, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले कलामंदिर. आणि फडके रोडवर तर दिवाळीच्या पहाटे नटूनथटून उभं राहणं हाच एक कार्यक्रम असतो. त्याला तिकीट नाही, आणि प्रयोग दरवर्षी हाऊसफुल्ल!

थोडक्यात, दाखवायला जागा आहेत. माझा प्रश्न जरा मागचा आहे. हे सगळं तयार कुठे होतं?

उत्तर आपल्या सर्वांना ठाऊक आहे. दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये, जेवणं आटोपल्यावर, दिवाण भिंतीला सरकवून. कथ्थक शिकवणारी मुलगी खालच्या मजल्यावरची मंडळी झोपायच्या आत तत्कार उरकते. माझ्या ओळखीचा एक मूर्तिकार आहे. त्याची शाडू माती बाल्कनीत असते आणि मातीच्या बादलीवरून त्याच्या घरात जेवढं महाभारत झालं तेवढं पैशांवरूनही झालेलं नाही. दिवसा नोकरी, येता-जाता लोकल, उरलेल्या वेळात कला. अशा उरलेल्या वेळातून या गावांनी इतकं काही दिलं, याचंच खरं म्हणजे आश्चर्य वाटायला हवं.

कलावंताला काही आठवडे राहायला खोली, कामाला जागा, दोन वेळचं जेवण द्यायचं, आणि शेवटी त्यानं केलेलं काम गावाला दाखवायचं, अशी पद्धत जगभर रुळली आहे. तिला ‘रेसिडेन्सी’ म्हणतात. शब्द परका असला तरी कल्पना आपल्याला परकी नाही. आपल्याकडे तिचं नाव ‘मुक्काम’. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की साधुसंन्यासी फिरणं थांबवून एका गावी राहत. गाव त्यांना आसरा देई, शिधा देई. ते गावाला प्रवचन देत. कार्तिकीला मुक्काम हलायचा. जैन मुनींचा चातुर्मास तर आजही आपल्याच गल्लीत होतो. पूर्वीच्या नाटक कंपन्यांचंही तसंच. सामान, स्वयंपाकी, तबलजी असं अख्खं बिऱ्हाड गावात उतरे आणि आठवडेच्या आठवडे हलत नसे.

मुंबईत याचा आधुनिक अवतार होता भुलाभाई देसाई स्मारक संस्था, वॉर्डन रोडवर. पन्नास आणि साठच्या दशकांत त्या वास्तूत हुसेन आणि गायतोंडे चित्रं काढत होते, रविशंकर सतार शिकवत होते आणि अल्काझींच्या नाटकांच्या तालमी चालत होत्या. चित्रकाराला जिना उतरताना सतार ऐकू येत होती. पुढे ती संस्था उरली नाही. त्या तोडीचं दुसरं घर मुंबईने उभं केलं असं मला तरी दिसत नाही.

पण मला ज्या मुक्कामाचं अप्रूप वाटतं तो आपल्याच जिल्ह्यातला. म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातला. डहाणू, तलासरी हा भाग १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्ह्यात गेला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचा चित्रकार डहाणूजवळच्या गंजाडला आला. त्याआधी हा माणूस बिहारच्या दुष्काळात मिथिलेत जाऊन आला होता आणि तिथल्या बायकांच्या हाती त्याने कागद दिले होते. वारल्यांमध्ये लग्नात चौक लिहायचा मान सुवासिनींचा. कुडाच्या भिंतीवर शेण-गेरूचा हात, त्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, मधोमध पालघट देवी. लग्न लागलं की त्या चित्राचं काम संपलं. चित्र हा पुरुषाचा विषयच नव्हता.

तिथे कुलकर्णींना जिव्या सोमा म्हसे भेटले. जन्म १९३४ चा. सातव्या वर्षी आई गेली आणि पोराचं बोलणंच थांबलं. जे सांगायचं ते धुळीत रेघा ओढून सांगू लागलं. त्या हाताला कागद आणि रंग मिळाले. १९७५ साली जहांगीर कलादालनाच्या वास्तूतल्या केमोल्ड गॅलरीत म्हशांचं प्रदर्शन झालं, १९७६ ला राष्ट्रीय पुरस्कार आला, १९८९ ला पॅरिसच्या गाजलेल्या ‘मॅजिसियाँ द ला तेर’ प्रदर्शनात चित्रं गेली, २०११ ला पद्मश्री. २०१८ च्या मे महिन्यात ते गेले, तेही आपल्या पाड्यावरच. इथे मुक्काम कोणी केला हे बघण्यासारखं आहे. पाहुणा शहरातला होता आणि यजमान पाड्यावरचा. देणारा कोण आणि घेणारा कोण, हा हिशेब मला अजून जमलेला नाही.

म्हशांच्या चित्रात तारप्याचा फेर वळत वळत आत जातो. तो वर्षभराचा देखावा नव्हे. पावसाळा सरतो, नवं भात येतं, तेव्हा भोपळा, बांबू आणि ताडाच्या पानांचा तो तारपा बाहेर निघतो आणि दिवाळीच्या सुमाराला रात्र रात्र नाच चालतो. त्यांची शरदातली मैफल ती. आज तोच फेर आपल्या कंदिलांवर आहे, कुर्त्यांवर आहे, दिवाळीच्या प्रदर्शनातल्या पणत्यांवर आहे. काढणाऱ्यांपैकी कितीजण कधी पाड्यावर एक रात्र राहिलेत, हे विचारायची सोय नाही!

पुढे म्हसे जपानलाही जाऊन राहिले. निगाता प्रांतात तोकामाची इथे तोकिओ हासेगावा यांनी १९८२ साली मिथिला संग्रहालय काढलं. बर्फाळ मुलूख आणि इमारत बंद पडलेल्या एका शाळेची. मधुबनीच्या गंगादेवींनी तिथे राहून चित्रं काढली, वारल्यांनी काढली. इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पण तिथेच, जुलै २००१ मध्ये, गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम यांनी आत्महत्या केली. वय चाळिशीच्या आसपास, पाटणगढपासून हजारो मैल दूर. मुक्काम लांबला होता आणि घरी परतायची ओढ लागली होती, असं तेव्हा लिहिलं गेलं. एका माणसाच्या मनात काय चाललं होतं ते बाहेरून कोणी ठरवू नये. मात्र कलावंतांना परदेशी नेताना अटी काय असतात, कागद कोण वाचून दाखवतं, हे प्रश्न त्यानंतर देशभर विचारले गेले. खोली दिली म्हणजे घर दिलं असं होत नाही.

हे सगळं सांगायचं कारण आपल्या गावात आहे. कल्याणचे भाऊ साठे, गेट वेसमोरचा १९६१ सालचा अश्वारूढ शिवाजी घडवणारे, यांनी डोंबिवलीत आपलं शिल्पालय उभं केलं. २०२१ मध्ये ते गेले. शिल्पाला उंची लागते, उजेड लागतो, माती सांडायची मुभा लागते. ती भाऊंनी स्वतः उभी केली. प्रत्येक तरुणाकडून ती अपेक्षा कशी करायची?

म्हणून मला त्या जपानी शाळेची इमारत आठवते. पट घटल्यामुळे रिकाम्या पडलेल्या वर्गखोल्या आपल्याकडेही आहेत. त्यातली एक खोली आषाढीपासून दिवाळीपर्यंत चौघांना द्यावी. एक चित्रकार, एक नर्तकी, एक तारपा वाजवणारा, एक मूर्तिकार. नळ हवा, दिवा हवा, दारं रात्री उशिरापर्यंत उघडी हवीत. शेजारच्या वर्गातल्या मुलांना खिडकीतून बघू द्यावं. जेवणाचे डबे आळीपाळीने आपल्या घरांतून जातील; गणपतीत पन्नास माणसांची पंगत उठवणाऱ्या गावाला चार डबे जड नाहीत. वसुबारसेला त्याच खोलीत प्रदर्शन आणि अंगणात नाच. मानधन आधी ठरलेलं, कागद मराठीत, आणि बाहेरगावच्या पाहुण्याच्या हाती परतीचं तिकीट पहिल्याच दिवशी.