गुलबक्षी कुणावर गेली?

सुकलेलं फूल खुडायचं की राहू द्यायचं, हे कुंडीपाशी उभं राहिल्यावर आधी ठरवायचं असतं, पोरांनो. आजी रोज सकाळी झेंडूची वाळलेली फुलं खुडते. गुलाबाच्या पाकळ्या झडायला लागल्या की फूल देठासकट कापते. तिला आणखी फुलं हवी असतात. झाडाचं म्हणणं वेगळं. त्याचा सगळा खटाटोप बी धरण्यासाठी चाललेला असतो. एकदा का बी भरायला लागली की झाड आपलं अन्न तिकडे वळवतं. भरत्या बियांमधून निघणारी संप्रेरकं झाडाला कळवतात, की आता नव्या कळ्या पुरे. वाळलेलं फूल वेळेवर खुडलं तर हा निरोप निघतच नाही, आणि झाड पुन्हा कळ्या काढत राहतं.

"म्हणजे आजी झाडाला फसवते," धाकटी म्हणते. फसवते खरी. आज मात्र आपण फसवायचं नाही. आज बी धरू द्यायची, आणि तीही आपण ठरवू त्या आईबापांची.

त्यासाठी मी तुम्हाला गुलबक्षी देईन. गुलाब नको, जास्वंद नको. गुलबक्षी साध्या कुंडीत येते, तिला फारसं काही लागत नाही, आणि पेरलेली बी त्याच हंगामात फुलते. तुमच्यासारख्या उतावळ्या मंडळींना हे फार सोयीचं. ती मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण भागातली, पण आपल्या परसात पिढ्यान्‌पिढ्या रुळलेली. दुपारी चारच्या पुढे उमलायला लागते, रात्रभर उघडी राहते आणि सकाळी ऊन चढलं की मिटते. तिची वर्दळ रात्रीची. त्या लांबलचक नळीच्या तळाशी मध असतो, आणि तिथवर पोचते ती मोठ्या निशाचर पतंगांची लांब सोंड.

आता एक फूल हातात घ्या आणि नखाने हळूच उभं चिरा. ह्या ज्या रंगीत पाकळ्या दिसतात ना, त्या पाकळ्या नव्हेतच. गुलबक्षीला पाकळ्या नसतात. हा सगळा रंगीत भाग म्हणजे तिचा निदलपुंज. इतर फुलांत जो हिरवा असतो आणि कळीला झाकून ठेवतो, तोच इथे नटलाय. आणि खाली जे हिरवं वेष्टन दिसतं, ती पानांचीच बदललेली रूपं आहेत. आत बहुधा पाच पुंकेसर असतात, मधोमध एक लांब कुक्षीवृंत आणि त्याच्या टोकाला बारीक दाण्यादाण्यांची गोल कुक्षी. परागकण चांगले मोठे. काळ्या कागदावर झटकलेत तर तुमच्या तरण्या डोळ्यांना एकेक कण वेगळा दिसेल. तळाशी बीजांडकोश, आणि त्यात बीजांड एकच. एका फुलाला एकच बी, मिऱ्यासारखी काळी आणि सुरकुतलेली. पण ती तोंडात घालायची नाही हं. गुलबक्षीची बी आणि मूळ, दोन्ही विषारी.

पतंग आले नाहीत तरी गुलबक्षीचं अडत नाही. फूल मिटताना पुंकेसर आणि कुक्षीवृंत आत वळत, गुंडाळत येतात, त्यात कुक्षी परागकोशांना टेकते आणि आपल्याच परागाने बी धरते. म्हणून आपल्याला आधी हात घालावा लागतो. पांढऱ्या फुलांचं झाड आई म्हणून निवडा. आज संध्याकाळी उमलेल अशी लांब, फुगलेली कळी दुपारीच हेरा. तिची नळी बारीक चिमट्याने उघडून सगळे परागकोश काढून टाका. काढताना एखादा फुटलेला दिसला तर ती कळी सोडून द्या, दुसरी घ्या. इथे हयगय केली तर पुढचं सगळं वाया. मग कळीवर मलमलीची छोटी पिशवी बांधा, नाहीतर पतंग आपल्या आधी काम उरकून जाईल. संध्याकाळी लाल फुलाचा एक पुंकेसर चिमट्यात धरून त्याचा पराग पांढरीच्या कुक्षीवर अलगद टेकवा, पिशवी परत बांधा आणि देठाला रंगीत दोरा. कोणत्या दोऱ्याचा बाप कोण, ते लगेच वहीत लिहा. उद्यावर ढकललंत की विसरलात.

दुसऱ्या दिवशी फूल कोमेजेल. आजीला बजावून ठेवा, दोरा असलेलं फूल खुडायचं नाही. रंगीत भाग गळून पडला तरी हिरव्या वेष्टनात बी बसलेली असते. ती आधी हिरवी, मग काही आठवड्यांत काळी होते. काळी झाली आणि बोट लागताच सुटून आली, की तयार.

"एवढा सगळा पराग लागतो का, की एक कण पुरतो?" थोरल्याने हा प्रश्न विचारला तेव्हा मला फार आनंद झाला, कारण हाच प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या माणसांना पडला होता, आणि तोही ह्याच गुलबक्षीवरून. फ्रान्समधल्या नोदँ नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी गुलबक्षीच्या कुक्षीवर मोजून एक, दोन, तीन कण ठेवून पाहिले होते. बी फार थोड्या फुलांना धरली, आणि एकदोन कणांपासून झालेली झाडं खुरटी निघाली. डार्विन यांनी 1868 च्या आपल्या ग्रंथात हे नोंदवलं. म्हणजे बी नीट व्हायला बरेच कण लागतात, असा समज झाला.

ब्रनो शहरातल्या मठात बसून ग्रेगोर मेंडेल यांनी हे वाचलं. वाटाण्यावरचा त्यांचा निबंध 1866 मध्ये छापून आला होता आणि त्याकडे जवळजवळ कुणीच लक्ष दिलं नव्हतं. बारीक फुलांवर भिंगाखाली काम करून त्यांचे डोळेही दुखावले होते. तरी त्यांनी गुलबक्षी घेतली, एकेका कुक्षीवर एकेकच कण ठेवला, आणि बिया मिळवल्या. त्या चांगल्या भरलेल्या होत्या, आणि त्यांची बहुतेक रोपं इतर रोपांसारखीच वाढली. एका बीजांडाला एक कण पुरतो, असं त्यांनी 1870 मध्ये म्युनिकच्या नेगेली या वनस्पतिशास्त्रज्ञांना पत्राने कळवलं. हे फार मोठं उत्तर होतं. बी जर एका बाजूने एक आणि दुसऱ्या बाजूने एक अशी जुळत असेल, तरच आईकडून किती आलं आणि बापाकडून किती, याचा हिशोब मांडता येतो. मेंडेल यांचं सगळं गणित ह्याच पायावर उभं आहे.

मेंडेल यांनी नेगेली यांना लिहिलेली पत्रं पुढे 1905 मध्ये कार्ल कॉरेन्स यांनी छापली. ते नेगेली यांचे विद्यार्थी, आणि 1900 साली मेंडेल यांचे आनुवंशिकतेचे नियम पुन्हा उजेडात आणणाऱ्यांपैकी एक. त्यांचंही आवडतं झाड गुलबक्षी. लाल आणि पांढऱ्या गुलबक्षीचा संकर केला की पोरं लाल नाहीत, पांढरी नाहीत, गुलाबी होतात. बारावीच्या जीवशास्त्रात हे येईलच. त्या गुलाबी झाडांना स्वतःच्याच परागाने बी धरू दिली, तर पुढच्या पिढीत साधारण चारांत एक लाल, दोन गुलाबी आणि एक पांढरं. लाल रंग संपला नव्हता, नुसता अर्ध्या मापाने आला होता. मात्र रस्त्याकडेची गुलबक्षी बहुतेक सरमिसळ झालेली असते, त्यामुळे आधी एक हंगाम आईबापांच्याच बिया लावून त्यांचा रंग टिकतो का ते बघा. आणि एका फुलाला एकच बी म्हटल्यावर, शंभर झाडं मोजायची तर शंभर फुलं सांभाळावी लागतील.

पण मला खरी भुरळ पडली ती पानांच्या गोष्टीची. काही गुलबक्षींची पानं हिरव्यापांढऱ्या चट्ट्यांची असतात. अशाच झाडावर एखादी फांदी पूर्ण हिरवी निघते, एखादी पूर्ण पांढरी. कॉरेन्स यांनी तिन्ही तऱ्हांच्या फांद्यांवरच्या फुलांना तिन्ही तऱ्हांचा पराग लावून पाहिला आणि 1909 मध्ये निकाल सांगितला. हिरव्या फांदीवरच्या बियांची रोपं हिरवीच आली, मग पराग कुठल्याही फांदीचा असो. पांढऱ्या फांदीवरच्या बियांची रोपं पांढरी आली आणि थोड्याच दिवसांत मेली, कारण त्यांना स्वतःचं अन्न करता येईना. चट्टेरी फांदीच्या बियांमधून तिन्ही तऱ्हा निघाल्या. बापाचा इथे काही संबंधच नव्हता. तोच बाप, जो फुलाच्या रंगात आईच्या बरोबरीने निम्मा वाटा उचलतो!

कारण असं, की पानाला हिरवं करणारी हरितलवकं गुलबक्षीच्या बीमध्ये आईच्या अंडपेशीतून येतात. परागातून ती येत नाहीत. ह्या लवकांजवळ त्यांचा स्वतःचा डीएनए असतो, हे पुढे कित्येक दशकांनी सिद्ध झालं.

"मग सगळ्या झाडांची पानं आईवरच जातात?" नाही ना! त्याच 1909 साली एर्विन बाउर यांनी जिरेनियमवर काम करून दाखवलं, की तिथे लवकं बापाकडूनही येऊ शकतात. हिरवी आई आणि पांढरा बाप घेतला तरी चट्टेरी रोप निघू शकतं. आपल्या खिडकीतल्या जिरेनियमला ह्या थंडीत फुलं आली की तुम्ही ते करून बघायचं आहे. परागकोश आधी काढायचे, हे तिथेही तसंच. चट्टेरी पानांची कुंडी शेजारच्या काकूंकडे आहे. पुंकेसर मागायला मी येईन तुमच्याबरोबर.