तंद्री लागलेला विद्यार्थी

‘वर्गात लक्ष नसते’, ‘खिडकीबाहेर पाहत बसतो’ असे शेरे ज्याने कधी लिहिले नाहीत, असा शिक्षक विरळा. आपल्या भाषेनेही अशा मुलाची फारशी कदर केलेली नाही. मनात मांडे खाणे, हवेत इमले बांधणे, शेखचिल्लीचे मनोराज्य हे सारे वाक्प्रचार स्वप्न पाहणाऱ्याची टिंगल करणारे आहेत. (ज्यांच्या ताटात मांडे खरोखरच पडत होते, त्यांनीच यांतला पहिला वाक्प्रचार घडवला असावा, अशी मला दाट शंका आहे.) मानसशास्त्राने मात्र गेल्या साठ वर्षांत या भटक्या मनाकडे गांभीर्याने पाहिले आहे. निवासी शाळेतील शिक्षकांनी आणि पालकांनी त्या अभ्यासाची दखल घेणे अगत्याचे आहे.

जेरोम सिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1966 साली दिवास्वप्नांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांच्या अभ्यासातून दिवास्वप्नांचे तीन प्रकार पुढे आले. पहिला प्रकार रचनात्मक असतो. त्यात मन पुढचे बेत आखते, नवी चित्रे जुळवते, खेळते. दुसरा प्रकार अपराधभावाचा आणि अपयशाच्या भीतीचा. तिसऱ्यात मन कशावरच टिकत नाही, नुसते भिरभिरते. आपण या तिघांनाही एकच शेरा देतो, ही खरी अडचण आहे. घरच्या आठवणीने व्याकूळ झालेले पाचवीतील मूल आणि गणिताचे कोडे मनात फिरवणारी नववीतील मुलगी बाहेरून अगदी सारखीच दिसतात.

मन भटकते तेव्हा मेंदू विश्रांती घेतो, हा समजही आता टिकत नाही. आपल्या शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा सुमारे 2 टक्के असतो, पण शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे 20 टक्के ऊर्जा तो वापरतो. मार्कस रेकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये दाखवून दिले की, माणूस काही विशिष्ट काम करीत नसताना मेंदूचे काही भाग अधिक सक्रिय असतात आणि काम समोर येताच त्यांची हालचाल मंदावते. भूतकाळ आठवणे, भविष्य कल्पिणे, दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहणे या गोष्टींशी हे भाग निगडित आहेत.

या संदर्भात आंरी प्वांकारे या फ्रेंच गणितज्ञाने स्वतः सांगितलेला अनुभव मला सर्वांत बोलका वाटतो. एका विशिष्ट प्रकारच्या फलनांविषयीच्या प्रश्नावर ते पंधरा दिवस रोज टेबलाशी बसून झगडत होते. त्यातून काही निष्कर्ष हाती आले. पुढे एका भूशास्त्रीय सहलीला ते गेले आणि गणित बाजूला पडले. कूतांस गावी घोड्यांच्या बसगाडीच्या पायरीवर त्यांनी पाऊल ठेवले, आणि आपण वापरलेली रूपांतरणे ही अयुक्लिडीय भूमितीतील रूपांतरणेच आहेत, हे त्यांना अचानक उमगले. पडताळून पाहायला वेळ नव्हता. गाडीत बसून त्यांनी अर्धवट राहिलेल्या गप्पा पुढे चालू ठेवल्या. कां शहरी परतल्यावर त्यांनी सवडीने सिद्धता तपासली. ही कथा सांगताना बहुतेक जण बसची पायरी तेवढी सांगतात आणि आधीचे पंधरा दिवस गाळतात. स्वतः प्वांकारे यांनी मात्र बजावले आहे की, आधी जाणीवपूर्वक कष्ट झाले नसतील तर नेणिवेतील काम फळत नाही. ज्याने उदाहरण सोडवायला घेतलेच नाही, त्याच्या तंद्रीतून उत्तर येणार नाही.

2012 मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी हीच गोष्ट प्रयोगाने तपासली. साध्या वस्तूंचे अनोखे उपयोग सुचवायला सांगून मध्येच काहींना अगदी सोपे काम दिले, काहींना एकाग्रतेचे, काहींना नुसती विश्रांती. सोपे काम करणाऱ्यांचे मन अधिक भटकले आणि आधी हाताळलेल्या प्रश्नांवर त्यांनाच अधिक सुचले. नव्या प्रश्नांवर मात्र फरक पडला नाही. पुढील प्रयोगांत हा निष्कर्ष दर वेळी तसाच आला असे नाही. म्हणून त्यावर फार मोठी इमारत उभारू नये.

धम्माच्या अभ्यासकाला येथे एक आक्षेप सुचेल. तथागतांनी सम्यक स्मृती शिकवली, धम्मपदातील चित्तवग्ग चंचल चित्त आवरायला सांगतो. मग शाळेने भटकणाऱ्या मनाचे कौतुक का करावे? आक्षेपात तथ्य आहे. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डच्या एका अभ्यासात 2,250 प्रौढांची मने जागेपणी जवळजवळ 47 टक्के वेळ हातातल्या कामाबाहेर आढळली आणि अशा वेळी ती कमी सुखी होती. पण स्मृती म्हणजे मनाला खुंटीला बांधणे नव्हे. मन कोठे गेले आहे हे ओळखणे, ही तिची पहिली पायरी आहे. मज्झिम निकायातील महासच्चक सुत्तात एक हृद्य प्रसंग आहे. देहदंडनाने काहीच साधले नाही तेव्हा सिद्धार्थाला बालपण आठवले: वडील कामात होते आणि तो जांभळाच्या गार सावलीत शांत बसला होता. हाच तर मार्ग नसेल, असे त्याला तेव्हा वाटले. ते ध्यान होते, दिवास्वप्न नव्हे, हे मान्य. तरी त्या मुलाला तेथून कोणी कामाला उठवले नव्हते, हेही लक्षात घ्यावे.

आणि प्रश्न नेमका तेथेच आहे. सावलीत बसण्याची मुभा कोणाला होती? ‘स्कूल’ या शब्दाचे मूळ असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थच फुरसत असा आहे. ती फुरसत गुलामांच्या श्रमावर उभी होती. बाबासाहेबांनी 1945 च्या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना यंत्रांची बाजू घेतली, ती याच कारणासाठी. पोट भरण्यातच सारा दिवस जाणाऱ्या माणसाला सुसंस्कृत जीवन अशक्य आहे, त्यासाठी त्याला फुरसत मिळाली पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. आपल्या वसतिगृहातील कित्येक मुलांच्या आजी-आजोबांना खिडकी नव्हती, मग खिडकीबाहेर पाहणे कोठले? अशा मुलाने शून्यात पाहिले की आपण घाईने त्याला ‘मंद’ ठरवतो. सुखवस्तू घरातील मूल तसेच बसले तर ते ‘विचारी’ असते.

इतिहास शिकवताना मला याचा प्रत्यय येतो. अजिंठ्याच्या धड्यात, सारा तास बाहेर पाहणाऱ्या एका विद्यार्थिनीने शेवटी विचारले, “सर, डोंगर फोडायच्या आधी खांब कुठे येणार, हे त्यांना कसं दिसलं?” लेणी छतापासून खाली कोरत नेत, अपुऱ्या राहिलेल्या लेण्यांत ते आजही पाहता येते. खांब प्रथम कोणाच्या तरी मनात उभा राहिला असला पाहिजे. पाठ्यपुस्तकात हा प्रश्न नाही.

आपले वेळापत्रक पहाटे पाचच्या घंटेपासून रात्री साडेनऊपर्यंत भरलेले आहे. अभ्यासिका कमी करा, असे मी म्हणत नाही. सायंकाळच्या वंदनेनंतरची वीस मिनिटे सूचनाफलक, हजेरी आणि भाषणे यांपासून मुक्त ठेवता येतील. त्यापूर्वीच्या तासाला एक अवघड उदाहरण फळ्यावर मांडावे, मुलांना त्यावर मनापासून झटू द्यावे आणि ते अर्धवट सोडून त्यांना झाडांना पाणी घालायला पाठवावे. उत्तर विचारायचे ते दुसऱ्या दिवशी सकाळी.